चार भाषा येतात, आणि बायोडाटात दोनच?

"मराठी शाळेत घातलंस ना, आता इंटरव्ह्यूत उडवतील बघ."

खानापूरपासून निपाणीपर्यंत असं एकही मराठी घर नसेल जिथे हे वाक्य कुणी बोललं नाही. आजोबा बोलतात, मामा बोलतात, आणि आता तर विशीतली पोरं स्वतःच बोलायला लागलीत. मला या वाक्याची चीड आहे. ते पूर्ण खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं. ते अर्धं खरं आहे, आणि या अर्ध्या खऱ्यानेच आपलं जास्त नुकसान केलंय.

मी बोलतोय ते ऐकीव नाही. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलो आणि गेली काही वर्षं एका कारखान्याच्या भरती विभागात आहे. म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला बसतो, जिकडे बघून तुमचे हात थंड पडतात. सुट्टीच्या दिवशी गावाकडच्या पोरांचा मुलाखतीचा सराव घेतो. दोन्हीकडून जे दिसतंय ते आज स्पष्ट लिहितो. काहींना लागेल. लागू दे.

आधी खरं अर्धं. आपल्यावर अन्याय झालाय आणि होतोय, यात मला तिळमात्र शंका नाही. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत आपण जिकडे गेलो तिकडे आपल्याला विचारून नेलं नाही. महाजन आयोग आला, १९६७ साली अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा टाकला, तो अजून चालूच आहे. संविधानाच्या ३५०-अ अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून सोय करायला सांगितलीय, आणि आपल्या मराठी शाळांत शिक्षक मिळवायला पालकांना खेटे घालावे लागतात. सरकारी कागद मराठीत मिळावा म्हणून आपण किती निवेदनं दिली, ते मोजायचंही सोडून दिलंय. हे सगळं खरं. ही लढाई कोर्टात, रस्त्यावर आणि सभागृहात लढायची आहे, आणि ती सोडा असं मी मेलो तरी म्हणणार नाही.

खरं, भावांनो, मुलाखतीच्या खोलीत तुमच्या हातात असतात पंधरा-वीस मिनिटं. तिथे १९५६ चा निकाल लागत नाही. तिथे एकच गोष्ट ठरते: या माणसाला उद्यापासून कामावर घ्यायचं की नाही. आणि तिथे आपण हरतो ते बहुतेक वेळा मराठीमुळे नाही. आपण आपलं अर्धं भांडवल घरी ठेवून जातो, म्हणून हरतो.

पुरावा देतो. सीमाभागातल्या पोरांचे बायोडाटा माझ्याकडे येतात. "येणाऱ्या भाषा" या ओळीत काय लिहिलेलं असतं? इंग्रजी आणि हिंदी. बस्स. मराठी नाही, कारण ती लिहिली तर आपल्याला बाजूला टाकतील अशी भीती. कन्नड नाही, कारण काहींना ती लिहायची लाज वाटते, काहींना अभिमान आड येतो. म्हणजे ज्या भाषेत पोरगं स्वप्न बघतं ती गायब, ज्या भाषेत ते रोज बस कंडक्टरशी आणि तलाठ्याशी बोलतं तीही गायब. आणि ज्या इंग्रजीत दुसऱ्या प्रश्नाला घाम फुटतो, ती पहिल्या नंबरला! याला काय म्हणायचं? दुसऱ्या कुणी आपल्याला उडवायच्या आधी आपणच आपल्याला उडवून मोकळे.

आता त्याच ओळीची किंमत बघा. स्टेट बँकेच्या क्लार्क भरतीत ज्या राज्याच्या जागेसाठी अर्ज करता, त्या राज्याची भाषा यावी लागते. दहावी किंवा बारावीच्या मार्कशीटवर ती भाषा शिकल्याची नोंद असेल तर वेगळी भाषा परीक्षा द्यावी लागत नाही. टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवक व्हायचं तर दहावीपर्यंत स्थानिक भाषा शिकलेली असावी लागते; तिथे मुलाखतच नाही, दहावीच्या गुणांवर यादी लागते. आता तुमची एसएसएलसीची मार्कशीट काढा आणि बघा. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या मार्कशीटवर मराठीही आहे आणि कन्नडही. म्हणजे कर्नाटकची जागा निघाली तरी दार उघडं, महाराष्ट्राची निघाली तरी उघडं. पुण्यातल्या पोराला हे जमत नाही. धारवाडच्या पोराला जमत नाही. तुम्हाला जमतं, आणि तुम्हीच ते लपवून ठेवता?

इथे काही जण माझ्यावर धावून येणार, माहीत आहे. "कन्नड शिका म्हणतोस? मग सक्तीला विरोध कशाला करायचा?" उत्तर सरळ आहे. सक्तीला विरोध करणं वेगळं, भाषेला विरोध करणं वेगळं. माझ्या घरावरची, दुकानावरची, शाळेतली मराठी पुसायला कुणी आलं तर मी आडवा पडेन. म्हणून माझ्या तोंडात असलेली कन्नड मी थुंकून टाकू काय? आपल्या आज्या शेतातली भाजी डोक्यावर घेऊन बाजारात जायच्या आणि दोन्ही भाषांत घासाघीस करून रिकाम्या पाटीनं घरी यायच्या. त्यांची मराठी बुडाली नाही. आणि एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवा: ज्याला कन्नड नोटीस वाचता येते, त्याला तिच्यावर हरकतही घेता येते. ज्याला येत नाही, तो सही कुठे करायची तेवढंच विचारतो.

२०२४ च्या जुलैत काय झालं ते आठवा. कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने स्थानिकांना खासगी उद्योगांत आरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं. व्यवस्थापनातल्या ५० टक्के जागा, बाकीच्या ७० टक्के. उद्योगांनी आरडाओरडा केला आणि ते लगोलग थांबवलं. आपल्याकडे लगेच बोंब झाली, "झालं, आता आपण संपलो." त्या विधेयकातली स्थानिकाची व्याख्या किती जणांनी वाचली? राज्यात जन्मलेला, १५ वर्षं राज्यात राहिलेला, आणि कन्नड बोलता, लिहिता, वाचता येणारा. मातृभाषा कन्नडच हवी असं त्यात कुठे होतं? म्हणजे खानापूरचा, बेळगावचा, निपाणीचा मराठी पोरगा त्या व्याख्येत बसत होता, कन्नड लिहिता-वाचता येत असेल तर. असलं विधेयक उद्या परत येऊ शकतं. तेव्हा आपण दाराच्या आत असायचं की बाहेर, हे आपल्याच वहीवर ठरणार आहे.

आता स्पोकन इंग्लिशच्या दुकानांबद्दल. इंग्रजी शिकू नका असं मी म्हणत नाही. शिका, चांगली शिका. माझं भांडण आहे ते तीन महिन्यांचे पैसे घेऊन पोरांना पोपट बनवणाऱ्यांशी. "मायसेल्फ अमुक तमुक, आय ॲम हार्ड वर्किंग अँड ऑनेस्ट पर्सन, माय हॉबीज आर रीडिंग अँड क्रिकेट." एका सकाळी सात पोरं येतात आणि सातही जण हेच म्हणतात, त्याच सुरात. मी फक्त विचारतो, "शेवटचं कुठलं पुस्तक वाचलंस?" की संपलं. पोरगं छताकडे बघतं.

तेच पोरगं तुम्ही त्याच्या कामावर आणून बघा. एकदा फाउंड्रीच्या जागेसाठी एक डिप्लोमावाला आला होता. इंग्रजीत तीन प्रश्नांना गप्प. मी म्हटलं, मराठीत सांग, साच्यातली वाळू ओली राहिली तर काय होतं? पोरगं एकदम ताठ बसलं. वाफ कशी कोंडते, ब्लो होल कुठे पडतात, वरून चांगला दिसणारा तुकडा मशिनिंगला लावल्यावर कसा फुकट जातो, सगळं सांगितलं. व्हर्नियरचं लीस्ट काउंट विचारलं तर ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचं ०.०१, खाडकन उत्तर. वडिलांबरोबर उद्यमबागेत सुट्टीत काम केलेलं. आणि हे सगळं त्याच्या बायोडाटात कुठेच नव्हतं! तिथे होतं "हॉबीज: रीडिंग."

म्हणून सांगतो, आणि हे नीट ऐका. उत्तर येत असेल आणि इंग्रजी अडत असेल तर गप्प बसू नका. सरळ विचारा, "सर, हा तांत्रिक भाग हिंदीत सांगितला तर चालेल का?" बेळगाव-हुबळीकडे असाल तर कन्नडमध्ये विचारा, कोल्हापूर-पुण्यात असाल तर मराठीत. समोरच्याला कामाचा माणूस हवा असतो. असं विचारलं म्हणून मी आजवर कुणाला बाहेर काढलेलं नाही. गप्प बसलेल्यांना मात्र नाइलाजाने जाऊ द्यावं लागलं, कारण मौनाला मार्क कसे द्यायचे?

"स्वतःबद्दल सांगा" हा प्रश्न तर येणारच. त्याचं उत्तर दीड मिनिटाचं, आणि ते फक्त तुमचंच हवं. कुठून आलात, काय शिकलात, हाताने काय केलंय, आणि या जागेवर ते कसं उपयोगी पडेल. शेतात पंप दुरुस्त केला असेल तर तो सांगा. गणेश मंडळाचा जमाखर्च सांभाळून पै-पैचा हिशेब दिला असेल तर तो सांगा, कारण दुसऱ्याचे पैसे सांभाळलेला माणूस कंपनीला हवाच असतो. जिथे जाताय ती कंपनी काय बनवते, कुणाला विकते, हे आदल्या दिवशी वाचून जा. पगाराचा आकडा विचारला तर "तुम्ही द्याल तो" म्हणू नका. त्या कामाला आजूबाजूला काय मिळतं ते चौकशी करून जा आणि आकडा बोला.

मग येतात खास आपल्या वाट्याचे प्रश्न. बंगळुरात विचारतात, "कन्नड बरुत्ता?" तिथे घुटमळू नका. "बरुत्ते सर" म्हणा आणि पुढची दोन वाक्यं कन्नडमध्येच बोला, चुकली तरी चालतील. पुण्यात उलटा प्रकार. "अरे, कर्नाटकातला तू, आणि मराठी बरं बोलतोस!" राग येतो. ज्यांच्यासाठी आपल्या तीन पिढ्या घोषणा देत आल्या, त्यांनाच आपण कोण हे माहीत नाही. खरं, तो राग तिथे काढू नका. शांतपणे सांगा, "सर, माझी मातृभाषा मराठी, शाळाही मराठी, आणि कन्नडही येते, म्हणून दक्षिणेकडचे ग्राहकही मी सांभाळू शकतो." अज्ञानाला याहून चांगलं उत्तर नाही. कुणी खोचकपणे विचारलं, "तुम्ही आंदोलनवाले का?" तर एकच वाक्य: "माझं मत संविधानाच्या चौकटीत आहे, आणि काम करताना मी सगळ्यांशी त्यांच्या भाषेत बोलतो." तिथे वाद घालायचा नाही, आणि शेपूटही घालायचं नाही. आपली ओळख नाकारून मिळालेल्या खुर्चीत माणूस कधी सरळ बसत नाही.

स्पर्धा परीक्षावाल्यांनो, तुम्हाला तर तक्रारीला जागाच नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. कर्मचारी निवड आयोगाची एमटीएस परीक्षा मराठीतून देता येते, निमलष्करी दलांची कॉन्स्टेबल परीक्षा २०२४ पासून मराठीतून देता येते, सरकारी बँकांच्या क्लार्क परीक्षा आणि रेल्वेच्या परीक्षाही देता येतात. जिथे मुलाखतच नाही तिथे "इंटरव्ह्यूत उडवतात" म्हणून अर्जच न भरणारी पोरं मी बघितलीत. त्यांना कुणी उडवलं? यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिलीत तर २७५ गुणांची मुलाखतही मराठीतून देता येते. तिथे सीमाप्रश्न विचारला जाणारच. तेव्हा पत्रक वाचून दाखवू नका. आपली बाजू मांडा, कर्नाटकची बाजू काय आहे तीही सांगा, महाजन आयोगाला महाराष्ट्राने विरोध का केला आणि कर्नाटक तो अंतिम का मानतं, हे दोन्ही माहीत हवं. समोरच्याची बाजू माहीत असलेल्याचीच स्वतःची बाजू वजनदार वाटते.

महाराष्ट्राच्या नोकऱ्यांचंही तेच. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या, १५ वर्षं वास्तव्य असलेल्या उमेदवारांसाठी १० जुलै २००८ चा शासन निर्णय आहे. त्यासाठी विहित नमुन्यातला, सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. तुमच्यापैकी किती जणांच्या फाइलमध्ये तो आज आहे? जाहिरात निघाल्यावर धावपळ, शेवटची तारीख आली की रडारड. दाखला आत्ता काढा. आणि नावं तपासा. एसएसएलसीवर कन्नड वळणाने आलेलं स्पेलिंग, आधारवर मराठी वळणाचं, एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसती आद्याक्षरं, एकीकडे बेळगाव, दुसरीकडे २०१४ नंतरचं बेळगावी. यादीत नाव लागूनही कागदपत्र पडताळणीत अडकलेल्या पोराचं तोंड मला बघवत नाही.

आता आपल्या पुढाऱ्यांना आणि मंडळांना. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत पोरं पुढे लागतात. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला पोरं लागतात. यायलाच हवं, येतातही. खरं, २ नोव्हेंबरला त्यातल्या एकाला तरी तुम्ही विचारता काय, "बाबा, तू करतोस काय? फॉर्म भरलास?" आंदोलनात पोरावर गुन्हा दाखल होतो, पेपरात नेत्याचा फोटो येतो, आणि चार वर्षांनी चारित्र्य पडताळणीचा फॉर्म हातात घेऊन ते पोरगं एकटंच बसलेलं असतं. त्याला हेही कुणी सांगत नाही की गुन्हा लपवणं हे गुन्ह्यापेक्षा महागात पडू शकतं. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की माहिती खरीच दिली पाहिजे, आणि ती खरी दिली असेल तर प्रकरणाचं स्वरूप बघून मालकाने निर्णय घ्यावा. ज्यांनी पोरांना फेरीत नेलं, त्यांनी ती केस निकाली निघेपर्यंत वकील द्यायचा. हे उपकार नाहीत, हे कर्तव्य आहे.

मंडळांनो, ढोल-ताशाला पैसे आहेत, फ्लेक्सला पैसे आहेत, शिवजयंतीच्या देखाव्याला पैसे आहेत. असूदेत. मुलाखतीच्या सरावाला पैसे लागतच नाहीत. मंडळाची खोली, एक टेबल, तीन खुर्च्या. गावातला बँकेत लागलेला दादा, शाळेतल्या बाई, कारखान्यातला सुपरवायझर, यांना रविवारचे दोन तास मागा. आठवड्याला पाच पोरं बसवा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांनाच दाखवा. एका कन्नडभाषिक मित्रालाही त्या टेबलावर बसवा, कारण उद्या समोर तोच बसणार आहे.

आणि पोरींना बसवा. दहावीला पोरांपेक्षा जास्त मार्क आणलेल्या आपल्या पोरींना "बंगळूरला एकटी कशी पाठवायची" म्हणून मुलाखतीचं पत्र येऊनही घरी ठेवतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस संध्याकाळी बेळगावात बसवून सकाळी बंगळुरात सोडते. दोन मैत्रिणी मिळून जातील, वाटल्यास आई बरोबर जाईल. मराठीसाठी लढणाऱ्या समाजाने आपल्या अर्ध्या माणसांना उंबऱ्याच्या आत ठेवायचं, आणि वर "आपल्या पोरांना नोकऱ्या नाहीत" म्हणून ओरडायचं, हे मला पटत नाही.

शेवटी यात पणाला काय लागलंय ते सांगतो. मराठी शाळेतलं पोरगं मुलाखतीत पडलं की त्याचा बाप धाकट्याला मराठी शाळेत घालत नाही. शेजारीही घालत नाही. पट कमी होतो, शाळा बंद व्हायची पाळी येते, आणि मग आपण शाळा वाचवायला मोर्चा काढतो. तो मोर्चा काढू, जरूर काढू. खरं, त्याच शाळेत शिकलेल्या दहा पोरा-पोरींना या वर्षी नोकरी लागली, तर शाळेच्या दारात पालकांची रांग मोर्चाशिवाय लागेल.

तेव्हा आज रात्री बायोडाटा उघडा. भाषांच्या ओळीत लिहा: मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी. बेळगाव-गोवा ये-जा असेल आणि कोकणी येत असेल तर तीही लिहा. मराठी पहिली लिहा. मग खाली हाताने केलेलं काम लिहा. आणि या रविवारी मंडळाच्या खोलीची किल्ली मागा. "कशाला पाहिजे?" म्हणून विचारलं, तर हा लेख दाखवा.